सेवापुस्तकातील धर्म आणि घरातील धम्म

दलित साहित्याची समीक्षा आजवर प्रामुख्याने वेदना, विद्रोह आणि नकार या तीन संज्ञांच्या आधारे झाली. या संज्ञांनी मोठे कार्य केले आहे, हे मान्य करूनच आम्हांस असे म्हणावयाचे आहे की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या समाजाने धम्मदीक्षा घेतली त्या समाजाचे जीवन आणि लेखन तपासताना त्या अपुऱ्या पडतात. नकार कशाला, हे त्या सांगतात. स्वीकार कशाचा, हे सांगत नाहीत. हा अपुरेपणा विशेष जाणवतो तो नोकरीच्या ठिकाणाचा विचार करताना. गावकुस, पाणवठा, महारवाडा, बलुते यांविषयी आपल्या समीक्षकांनी विपुल लिहिले. परंतु कचेरी, शाळा, कारखाना आणि रेल्वेचे स्थानक येथे माणसाच्या धर्माचे काय होते, या प्रश्नाकडे तितक्या गांभीर्याने पाहिले गेले नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही तीन लेखनकृती समोर ठेवीत आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथनपर टिपण, बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आणि कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ या पुस्तकातील संस्कृतच्या अध्ययनाविषयीचा लेख. तिन्ही कृतींत शिकलेला माणूस आहे, त्याला मिळालेली वा नाकारलेली नोकरी आहे आणि त्याच्या नावामागे लागलेली जात आहे. या कृतींचे मोठेपण निर्विवाद आहे. तथापि त्या वाचून झाल्यावर एक प्रश्न उरतो. नोकरीच्या ठिकाणी जात चोरावी लागली, हे आपल्या साहित्याने जगाला सांगितले. धम्म चोरावा लागला, हे कोणी सांगावयाचे?

नोंदवहीतील नाव

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील बाराव्या खंडात ते १९९३ साली समाविष्ट झाले. त्यातील बडोद्याचा प्रसंग वाचकांना परिचित आहे. १९१७ साली बाबासाहेब करारानुसार संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी बडोद्यास गेले. राहण्यास जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि तेथील नोंदवहीत त्यांचे नाव पारशी म्हणून लिहिले गेले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशी जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. एका हिंदू स्नेह्याने आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने आश्रय देण्यास असमर्थता दर्शविली.

या प्रसंगाचे वाचन बहुधा अस्पृश्यतेच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून होते. ते योग्यच आहे. पण रचनेच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बडोद्याच्या कचेरीत शिपाई कागदपत्रे दुरून फेकीत, पिण्याचे पाणी मिळत नसे, हे आपणांस प्रामुख्याने धनंजय कीर यांच्यासारख्या चरित्रकारांमुळे ठाऊक आहे. स्वतः बाबासाहेबांनी या टिपणात भर दिला आहे तो कचेरीवर नव्हे, निवाऱ्यावर. यातून नोकरीविषयीचे एक मोठे सत्य हाती लागते. नोकरीचा हुकूम महाराजांच्या सहीने निघाला होता. पदवी कोलंबिया विद्यापीठाची होती. मोडले ते सारे धर्मशाळेच्या नोंदवहीपाशी. नोकरीतील भेदभाव नेमणुकीच्या कागदावर क्वचितच दिसतो. तो नेमणुकीच्या भोवती असलेल्या व्यवहारांत, म्हणजे घर, पाणी, जेवण आणि देवघर यांत दडलेला असतो.

याच सूत्राचा विस्तार बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत केला. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हे त्यांचे प्रतिपादन नेहमी उद्धृत होते. त्याच भाषणातील दोन साधी निरीक्षणे मात्र मागे पडतात. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणूनच राहत असे, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करून घेण्याची रीत होती आणि स्टेशनमास्तर सवर्ण हिंदू असे. बढतीच्या नियमांत जात कोठेही लिहिलेली नव्हती. ती स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरात होती. बडोद्याचे टिपण आणि मनमाडचे भाषण शेजारी ठेवून वाचले, म्हणजे एकच निष्कर्ष निघतो. कामाच्या जागी मालकाचे घरगुती आचार शिरले की, त्या आचारांबाहेरचा माणूस कामालाच अपात्र ठरतो.

विचारली जाते ती जात, गृहीत धरला जातो तो धर्म

बागुलांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. तो सुशिक्षित आहे, कवी आहे, सहकाऱ्यांच्या आदरास पात्र ठरला आहे. कारण त्याची जात कोणास ठाऊक नाही. त्याच्या समोर काशिनाथ आहे. हा जात लपवीत नाही आणि त्याची किंमत रोज मोजतो. जात उघडी पडताच निवेदकाला मारहाण होते आणि त्याला सोडवावयास येतो तो काशिनाथच. या कथेतील चोरी आणि उघडेपणा यांच्या संघर्षावर पुष्कळ चर्चा झाली आहे. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते निराळ्या ठिकाणी. सहकाऱ्यांची शंका ज्या प्रश्नाभोवती फिरते तो जातीचा आहे. धर्म हा कथेत पेचाचा विषयच होत नाही. का? कारण तो गृहीत आहे. यार्डातील प्रत्येक जण ज्या देवाधर्माचा, त्याच देवाधर्माचा हाही असणार, मग उरतो तो फक्त त्यातील पायरीचा प्रश्न.

दीक्षेनंतर सात वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या या कथेने त्या काळच्या कामाच्या जागेचे वास्तव अचूक टिपले आहे. आमचा आक्षेप कथेवर नाही, कथेच्या समीक्षेवर आहे. जात विचारणारा सहकारी समीक्षेला दिसला. धर्म गृहीत धरणारी व्यवस्था दिसली नाही. आपण हिंदू नाही, असे सांगण्याचीही ज्या ठिकाणी सोय नसते, त्या ठिकाणी केवळ जात लपत नाही. माणसाने विचारपूर्वक केलेली निवडही पुसली जाते. जात ही त्याच्यावर लादलेली होती. धम्म हा त्याने स्वीकारलेला होता. लादलेले लपविणे आणि स्वीकारलेले लपविणे, या दोन यातना एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिलीत अपमानाचे भय असते. दुसरीत स्वतःच्या शब्दाशी झालेली फारकत असते.

कुमुद पावडे यांचा ‘अंतःस्फोट’ १९८१ साली प्रसिद्ध झाला. नागपूरच्या आंबेडकरी वातावरणात वाढलेली मुलगी संस्कृतमध्ये पदव्युत्तर पदवी मिळविते, पण माहेरच्या आडनावाने तिला अध्यापकाची नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि थोड्याच काळात नोकरी मिळते. हे श्रेय आपल्या विद्वत्तेचे नसून नव्या आडनावाचे आहे, ही लेखिकेची जाणीव या लेखाचा कणा आहे.

येथेही समीक्षा जातीपाशी आणि स्त्रीत्वापाशी थांबली. परंतु या लेखात नोकरी आहे ती संस्कृत शिकविण्याची. जी भाषा एका धर्मव्यवस्थेने स्वतःची मिरास मानली, त्या भाषेच्या अध्यापनाचे पद हे केवळ वेतनाचे पद नव्हते. त्या पदावर बसणाऱ्या माणसाच्या आचाराविषयी न लिहिलेली एक अपेक्षा होती. अश्वघोषाने ‘बुद्धचरित’ याच भाषेत रचले आणि महायानाचे विपुल वाङ्मय तिच्यात निर्माण झाले, हे ठाऊक असूनही बौद्ध घरातील कन्येने संस्कृत शिकविणे विपरीत वाटावे, यात जातीबरोबरच धर्माचाही प्रश्न गुंतलेला आहे. तो मोकळा करून दाखविणे हे समीक्षेचे काम होते.

उघडेपणाची शिक्षा

आता या साहित्याच्या पार्श्वभूमीवर असलेला कायदा पाहू. कारण तो समजल्याशिवाय आपल्या लेखनातील मौनाचा अर्थ लागत नाही.

१९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे ठरविले. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. बौद्ध धर्माची भर पडण्यास १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. परंतु केंद्र शासनाच्या सेवेत आणि राखीव मतदारसंघांत चौतीस वर्षे दीक्षेची शिक्षा चालू राहिली.

या काळातील पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा निवाडा प्रत्येक बौद्ध वाचकाने अभ्यासण्याजोगा आहे. १९६२ च्या निवडणुकीत विदर्भातील एका राखीव जागेवरून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारला आहे, असा आक्षेप होता. आदेशातील ‘धर्म मानणे’ याचा अर्थ काय, हा सर्वोच्च न्यायालयापुढील प्रश्न ठरला. न्यायालयाने असा अर्थ लावला की, मनातील श्रद्धा पुरेशी नाही; इतरांस कळेल अशा रीतीने केलेला जाहीर उच्चार म्हणजे धर्म मानणे. तसा उच्चार झाला होता, म्हणून निवड रद्द झाली.

न्यायालयाची व्याख्या तर्कशुद्ध होती. तिचा सामाजिक परिणाम मात्र विपरीत होता. ज्याने उघडपणे सांगितले, त्याने गमावले. ज्याने मनात ठेवले, त्याचे टिकले. ज्या दीक्षेचा प्राणच जाहीर प्रतिज्ञा हा होता, तिच्यासाठी हा नियम म्हणजे मौनाला दिलेले बक्षीस होते. पोस्ट, रेल्वे, संरक्षण खात्याचे कारखाने, आयकर, केंद्रीय महसूल अशा सेवांत राखीव जागेवर लागलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात एक धर्म राहिला आणि घरातील भिंतीवर तथागतांची प्रतिमा राहिली. जनगणना मात्र निराळी साक्ष देते. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्धांची नोंद २,४८७ होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. सवलत जाणार हे ठाऊक असूनही एवढ्या लोकांनी प्रगणकापुढे बौद्ध असे सांगितले. तेव्हा सेवापुस्तकातील नोंदीवरून या समाजाच्या निष्ठेची परीक्षा करणारे दोषारोप अन्यायकारक आहेत. एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात प्रतिज्ञा देऊन त्यांतील एकच निवड, असे सांगणाऱ्या व्यवस्थेची परीक्षा आधी व्हावयास हवी.

या कोंडीची दुसरी बाजू आजही सुटलेली नाही. बौद्ध कर्मचाऱ्याने जातीय वागणुकीची तक्रार केली की, तुम्ही तर बौद्ध, तुम्हांला जात कोठली, असे उत्तर मिळू शकते. त्याने धार्मिक सक्तीची तक्रार केली की, बौद्ध हे हिंदूंतच मोडतात, असे सांगून राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणाकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः ते स्पष्टीकरण समाजसुधारणा आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धार्मिक संस्था सर्व हिंदूंना खुल्या करणे, एवढ्या उपखंडापुरतेच मर्यादित आहे. परंतु कचेरीतील वादात अनुच्छेद कोण उघडून पाहतो?

हात जोडण्याचा प्रश्न

बावीस प्रतिज्ञांपैकी आरंभीच्या प्रतिज्ञा हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याविषयी आहेत. श्राद्धपक्ष न करणे आणि ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करविणे, हेही त्यांत आहे. या प्रतिज्ञांचे पालन घरात कठीण नाही. घर आपले असते. त्यांची कसोटी लागते ती जेथे वेळ आणि श्रम आपण दुसऱ्यास विकलेले असतात तेथे.

हे आम्ही वारणानगर येथून लिहीत आहोत. पन्हाळा तालुक्यातील हे गाव तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी चळवळीमुळे ओळखले जाते. साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि १९९८ साली आसपासच्या खेड्यांसाठी हाती घेतलेला संगणक-जोडणीचा प्रकल्प, यांमुळे हा परिसर देशाच्या नकाशावर आला. अशा वसाहतीत सहकार हे केवळ अर्थकारण राहत नाही, ते सार्वजनिक जीवनच होऊन जाते. म्हणून पुढील विवेचन कोणत्याही एका कारखान्याविषयी नसून महाराष्ट्रातील साखर उद्योगाच्या सर्वसाधारण रूढीविषयी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. बहुधा सत्यनारायणाची पूजा होते. काटापूजन होते, गव्हाणीत पहिली मोळी पूजा करून टाकली जाते. खंडेनवमीला यंत्रांना हार चढतात. जो फिटर वर्षभर त्या यंत्राची निगा राखतो, त्याचे त्या यंत्राशी असलेले नाते कोणाहून कमी नाही. पण ते नाते हळदकुंकवाने व्यक्त करावे की तेलपाण्याने, हे त्याचे त्याला ठरविता आले पाहिजे. शिवाय हा काळ धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा असतो. कोल्हापूरहून दीक्षाभूमीवर जावयाचे, तर महाराष्ट्र एक्सप्रेसने एका बाजूला एक अहोरात्र लागते. म्हणजे हंगाम तोंडावर असताना तीन-चार दिवसांची रजा हवी. दसऱ्याची सुटी सर्वांना आहे. त्याला आवश्यक असलेली मोकळीक त्या सुटीत बसत नाही.

अशा ठिकाणी सक्ती लेखी आदेशाने होत नाही. पूजेला आला नाही म्हणून कोणी निलंबित करीत नाही. परंतु हंगामी कामगाराचे पुढील हंगामातील बोलावणे, गोपनीय अहवालातील ‘सहकार्याची वृत्ती’ हा रकाना, पाळीची अदलाबदल, ही सारी साहेबाच्या मर्जीवर असतात आणि मर्जीला कारण द्यावे लागत नाही. मनमाडच्या भाषणातील स्टेशनमास्तरचे घर येथे पूजेच्या चौरंगाचे रूप घेऊन येते.

नाशिक येथील एका माध्यमिक शाळेतील शिक्षकाचे प्रकरण या दृष्टीने मार्गदर्शक आहे. प्रार्थनेच्या वेळी त्याने हात जोडले नाहीत. संस्थेने हे बेशिस्तीचे वर्तन मानले आणि त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि हात जोडण्याची सक्ती मूलभूत हक्कांशी विसंगत ठरविली. याआधी १९८६ साली केरळातील यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेच तत्त्व मांडले होते. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु गात नसत; त्यांना शाळेतून काढणे न्यायालयाने अवैध ठरविले. दोन्ही निवाड्यांचे सार एकच आहे. आदराने बाजूला उभे राहणे हा अनादर नव्हे.

हात जोडल्याने काय बिघडते, असा प्रश्न येथे नेहमी विचारला जातो. आमचे उत्तर असे की, काही बिघडत नसेल तर न जोडल्यानेही काही बिघडू नये. तुमच्याच कित्येक घरांत जुने देव अजून आहेत, असे दुसरे म्हणणे असते. असतील. परंतु एकाच्या दुबळेपणातून दुसऱ्यावर सक्ती करण्याचा अधिकार निर्माण होत नाही. तिसरे म्हणणे असे की, ही पूजा धार्मिक नसून सांस्कृतिक आहे. ती तशी असेल तर गैरहजेरी रजेच्या पुस्तकात जावी, चारित्र्याच्या शेऱ्यात नव्हे.

करवीरचा हुकूम आणि कूटदन्ताचा यज्ञ

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारहाण केली होती. पुढे महाराजांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले आणि महाराज स्वतः तेथील चहा घेत. ही हकीकत भाषणांतून वारंवार सांगितली जाते. तिचे आकर्षण चहाच्या कपात आहे. तिचे महत्त्व मात्र १९१९ साली निघालेल्या हुकुमांमुळे कळते. संस्थानच्या नोकरीत येणाऱ्या अस्पृश्यांना समतेने वागवावे, ज्या अधिकाऱ्यास हे जमणार नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनाम्याची सूचना द्यावी, त्याला पेन्शन मिळणार नाही, असा त्या हुकुमाचा आशय होता.

येथे दयेची भाषा नाही. अस्पृश्याने सांभाळून घ्यावे, असेही नाही. ज्याला समता मानवत नाही, जावयाचे त्याने. आणि जाताना काय गमवावे लागेल, तेही लिहिलेले. नोकरीतील भेदभावावरचा उपाय म्हणजे पीडितासाठी वेगळी सोय नव्हे, तर पीडकावर जबाबदारी, हे तत्त्व घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाच्या तीस वर्षे आधी करवीर दरबारने कागदावर आणले. सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीत धर्म, जात इत्यादी कारणांवरून भेद करण्यास मनाई करतो. खाजगी आस्थापनांना तो लागू नाही. तेथील कामगाराला आजही मुख्यतः मालकाच्या समंजसपणावर विसंबावे लागते.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि त्याच्या १९७२ मधील दुरुस्तीने कर्मचाऱ्याच्या धर्माचरणास वाजवी मोकळीक देण्याचे बंधन मालकावर घातले. रविवारी काम करण्यास नकार देणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, २०२३ साली, तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधिक कडक केले. किरकोळ गैरसोय हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, असे ठरले. त्याच वर्षी सिॲटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. आपल्या देशात वाजवी मोकळीक ही कल्पना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे. धर्मासाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. ध्यानात घेण्याजोगा फरक असा की, अमेरिकन कर्मचारी एक दिवस काम न करण्याची मुभा मागतो. आपला बौद्ध कामगार बहुतांशी काम करण्याचीच मुभा मागतो. पूजा चालू असताना यंत्राजवळ राहण्याची.

धम्मवाङ्मयात या प्रश्नाचा विचार अत्यंत व्यवहारी पातळीवर झाला आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकरांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, उत्तम पदार्थ वाटून घ्यावेत आणि योग्य वेळी सुटी द्यावी. वेळेवर मोकळीक देणे हे वेतन देण्याच्या पंक्तीत बसविलेले आहे. त्याच निकायातील कूटदन्त सुत्त आणखी पुढे जाते. एका प्राचीन राजाच्या यज्ञाचे वर्णन तेथे येते. त्यात पशुवध नव्हता, वृक्षतोड नव्हती. आणि सेवकांनी दंडाच्या भयाने, डोळ्यांत पाणी आणून काम केले नाही. ज्यांची इच्छा होती त्यांनी केले, ज्यांची नव्हती त्यांनी केले नाही. बुद्धाने यज्ञाची परीक्षा देवतेवरून केली नाही. तेथे राबणाऱ्या माणसाला नाही म्हणता येते की नाही, यावरून केली. आजच्या प्रत्येक कारखान्यातील आणि कचेरीतील पूजेला हीच कसोटी लावावी.

ही कसोटी आपणांसही लागू आहे. बौद्ध अधिकाऱ्याच्या कचेरीत १४ एप्रिलला वंदना होईल, तेव्हा हाताखालच्या माणसाला तीत सामील न होण्याची तितकीच मुभा असली पाहिजे. मागणी अशी असावी की, कोणत्याही धर्मविधीची उपस्थिती ऐच्छिक असावी, तिची नोंद गोपनीय अहवालात येऊ नये, वर्गणी वेतनातून कापली जाऊ नये आणि पाळी बदलून सणाची रजा सर्वांना सारख्या नियमाने मिळावी. वेतनातील कपातीस कायद्याने मर्यादा घातलेलीच आहे. सहकारी संस्थांना तर हे परके वाटू नये. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ साली धार्मिक तटस्थता आणि १९९५ साली धार्मिक भेदभावाविना खुले सभासदत्व ही सहकाराची तत्त्वे म्हणून नमूद केली आहेत. सभासदत्वाला लागू असलेले तत्त्व कामगाराला लागू करण्यात कोणतीही अडचण नाही.

समीक्षेपुढील कार्य

बडोद्याच्या नोंदवहीपासून नागपूरच्या आडनावापर्यंत आपल्या साहित्याने नोकरीतील जातीचा इतिहास लिहिला. आता धम्माचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. १९६० च्या दशकात सेवेत लागलेली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. जातीच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहावा, यावर घरात झालेल्या चर्चा, सेवापुस्तकातील नोंद बदलण्यासाठी केलेले आणि फेटाळले गेलेले अर्ज, पूजेच्या वेळी बाहेर व्हरांड्यात घालविलेली अर्धी घटका, प्रसादाचा द्रोण हातात घेऊन पडलेला पेच, या साऱ्यांचे साक्षीदार तेच आहेत. हे अनुभव लहान आहेत म्हणून लेखनाबाहेर राहिले असतील. पण मनमाडला बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, व्यवस्थेचा उलगडा अशाच लहान गोष्टींतून होतो.

विहारांतून वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्यास जोडून निवृत्त कर्मचाऱ्यांची कथने लिहून घेण्याचे काम प्रत्येक विहाराने हाती घ्यावे, असे आम्ही सुचवितो. समीक्षकांनीही वेदना, विद्रोह, नकार यांच्या शेजारी ‘स्वीकार’ ही संज्ञा ठेवून जुन्या कृती पुन्हा वाचाव्यात. जात सोडणाऱ्या माणसाचे चित्रण आपल्याकडे समर्थपणे झाले आहे. धम्म धारण करून रोज सकाळी पाळीवर जाणाऱ्या, काम चोख करणाऱ्या आणि चौरंगासमोर शांतपणे बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसाचे चित्रण अजून व्हावयाचे आहे.